तीन पट ते दोन पट: माझ्या पटिंगचे पाच महिने

गोल्फमध्ये 'तीन पट' म्हणजे बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आल्यानंतर होलमध्ये जायला लागलेले तीन फटके. माझ्या मुलीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी माझं स्कोअरकार्ड टेबलावर पडलं होतं आणि त्याच्या कडेला मी पेन्सिलीने सात ठिकाणी '३ पट' असं लिहिलं होतं. ते वाचून तिने विचारलं, "आई, काय तिप्पट झालं गं?"

"मनस्ताप," मी म्हटलं.

त्या दिवशीचा हिशेब असा होता. १८ होल, ४१ पट. सात ग्रीनवर तीन-तीन, नऊ ग्रीनवर दोन-दोन आणि फक्त दोन ग्रीनवर एका पटात काम झालं. पारच्या, म्हणजे अपेक्षित फटक्यांच्या, गणितात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. ७२ पारच्या कोर्सवर कागदावर तरी अर्धा खेळ पटरचाच, म्हणजे पट मारायच्या काठीचाच. आणि मी सहा वर्षं काय करत होते? रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) हाणत होते. पटिंग ग्रीनवर जाणं म्हणजे टी-ऑफला, म्हणजे पहिल्या फटक्याला, दहा मिनिटं उरली म्हणून दोन-चार बॉल ढकलायचे, एवढंच.

सगळ्यात जिव्हारी लागला तो सोळाव्या होलवरचा पट. दीड फूट. मॅच प्ले (होलागणिक हार-जीत) असता तर समोरच्या मैत्रिणीने "असू दे, उचल" म्हटलं असतं. पण ही स्ट्रोक प्लेची (एकूण फटके मोजायची) मासिक स्पर्धा होती आणि त्यात बॉल होलमध्ये पडल्याशिवाय सुटका नाही. मी पट मारला, बॉल होलच्या उजव्या कडेला लागून फिरला आणि बाहेरच थांबला. माझी मार्कर, म्हणजे माझा स्कोअर लिहिणारी, मैत्रीण लांबच्या झाडांकडे बघत राहिली. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे पाच महिने मी फक्त पटिंगवर घालवले. ते कसे गेले ते क्रमाने लिहितेय, कारण मधल्या काळात काय होतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन-तीन वेळा पटर माळ्यावर टाकायची वेळ आली नसती.

सुरुवात अर्थातच चुकीची झाली. नोव्हेंबरच्या उरलेल्या तीन आठवड्यांत मी तीन ग्रिप, म्हणजे पटर धरायच्या पद्धती, बदलल्या. आधी डावा हात खाली घेऊन पाहिला (मी उजव्या हाताने खेळते, म्हणजे नेहमीचा उजवा खाली असतो). मग उजव्या हाताची पकड चिमट्यासारखी करणारी 'क्लॉ' ग्रिप. मग पुन्हा जुनी, पण अंगठे वेगळे ठेवून. शिवाय कुणाचा तरी वापरलेला, मोठ्या डोक्याचा मॅलेट पटर विकत घेतला. प्रत्येक बदलानंतर पहिला आठवडा झकास जायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते पटरइतकं दुसऱ्या कुठल्या वस्तूला लागू पडत नसेल. दहाव्या दिवशी बॉल पुन्हा उजवीकडे.

छातीपर्यंत येणारा लांब पटर घ्यावा का, असाही विचार मनात आला. तो वापरायला बंदी नाही, पण त्याचं टोक छातीला किंवा हनुवटीला टेकवून स्ट्रोक मारणं १ जानेवारी २०१६ पासून नियमात बसत नाही. टेकवायचं नसेल तर मला त्याचा उपयोग काय, म्हणून तो बेत सोडला.

डिसेंबर लागला तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली. खिशात मावेल अशी वही घेतली. प्रत्येक पटची नोंद: अंतर किती आणि चुकला तर कुठे. 'डा', 'उ', 'कमी', 'जास्त' एवढीच अक्षरं. अंतर पावलांनी मोजायचं. माझं एक पाऊल अडीच फुटांचं आहे हे घरी टेपने मोजून घेतलं. कुणी करणार असेल तर एक सांगते, नोंद होल संपल्यावर पुढच्या टीकडे चालताना करा. ग्रीनवर उभं राहून वही काढलीत तर मागचा ग्रुप शिव्या घालेल, आणि ते बरोबरच असेल.

सहा राउंडनंतर वही उघडून बसले. लांबचे पट मला वाटत होते तेवढे वाईट नव्हते. घोळ तीन ते सहा फुटांत होता. अशा ५२ पटांपैकी ३१ चुकले होते आणि त्या ३१ पैकी २४ समोर 'उ' लिहिलेलं. ग्रिप मी तीन बदलल्या, पटर दोन, पण बॉल मात्र निष्ठेने उजवीकडेच जात होता.

याच सुमारास आठ फुटांचा आकडा वाचनात आला. पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतले व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. निम्मेच! टीव्हीवर आपल्याला आघाडीवर असलेल्यांचेच पट दाखवतात म्हणून वाटतं की ही मंडळी चुकतच नाहीत. मी मात्र आठ फुटांवरून चुकले की पुढच्या दोन होलपर्यंत स्वतःला बोल लावत असे. ते त्या दिवसापासून थांबवलं. तीन फुटांसाठी बोल लावणं चालू ठेवलं.

कोचकडे जायचं ठरवलं तेव्हा कळलं की पटिंग शिकवणाऱ्या सरांकडे तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळेल. सगळे स्विंग शिकायला येतात, पटिंगसाठी फारसं कुणी येत नाही, मग रांग कसली? तर सर आठवड्यातून एकच सकाळ पटिंगला देतात. आधी एक फॉर्म भरून पाठवायचा होता. उंची, पटरची लांबी, कुठल्या हाताने खेळता, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, आणि एक प्रश्न ज्यावर मी थबकले: चष्मा आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा. मी 'प्रोग्रेसिव्ह' असं लिहिलं आणि विसरून गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला धडा झाला. मी तयारीत होते की सर माझा स्ट्रोक बघतील, मनगट मोडतंय म्हणतील, खांद्यांनी मार म्हणतील. त्यांनी पहिली वीस मिनिटं मला एकही बॉल मारू दिला नाही.

होलपासून आठ फुटांवर बॉल ठेवला. होलच्या जागी एक छोटं लेझरचं उपकरण आणि त्यामागे उभा पांढरा पुठ्ठा. माझ्या पटरच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, सरांनी बिस्किटाएवढा आरसा चिकटवला. "आता नेहमीसारखा नेम धरा. बरोबर धरलाय असं वाटलं की सांगा." मी दोनदा होलकडे पाहिलं, पाय हलवले, म्हटलं, "झालं." सरांनी हळूच बॉल बाजूला काढला. लेझरचा किरण माझ्या पटरवर आपटून परत गेला आणि पुठ्ठ्यावर लाल ठिपका उमटला. होलच्या मध्यापासून जवळजवळ वीतभर डावीकडे.

मी म्हटलं, "माझा हात हलला असेल." पुन्हा केलं. वीतभर डावीकडे. पाच वेळा केलं. पाचही ठिपके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते, इतके जवळजवळ. सर हसले. म्हणाले, "ही चांगली बातमी आहे. तुम्ही दर वेळी एकसारख्याच चुकताय."

मग त्यांनी समजावलं. आरशातून परत येणाऱ्या किरणात चूक दुप्पट दिसते, म्हणजे प्रत्यक्षात माझा फेस होलच्या अर्धी वीत डावीकडे रोखलेला होता. आठ फुटांवर चार-सव्वाचार इंच म्हणजे अडीच अंश. ऐकायला काहीच नाही. पण होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांच्या थोडंच वर. दहा फुटांवर एका अंशाची चूक बॉलला दोन इंच बाजूला नेते, म्हणजे थेट होलच्या कडेवर. अडीच अंशांत बॉलला होल दिसतसुद्धा नाही. आणि बॉल पटरवरून कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यत्वे ठरतं ते फटका बसताना फेस कुठे बघतोय त्यावर. पटर कुठल्या मार्गाने आला याचा वाटा त्या मानाने बराच कमी असतो. मी सहा वर्षं 'सरळ मागे, सरळ पुढे' या मार्गाची पूजा करत होते.

"मग माझे सगळे पट डावीकडे जायला हवेत ना? माझे तर उजवीकडे जातात," मी वही पुढे केली.

"कारण तुमच्या हातांना माहितीये की नेम चुकलाय. ते शेवटच्या क्षणी फेस उजवीकडे उघडतात. कधी बरोबर तेवढाच, तेव्हा बॉल आत जातो. घाबरलात की जरा जास्त."

मला तेव्हा दीड फुटाचा तो पट आठवला आणि कान गरम झाले. हात माझी चूक निस्तरत होते आणि मी त्यांनाच शिक्षा करत होते. कधी डावा खाली, कधी चिमटा.

नेम चुकायचं कारण शोधताना फॉर्ममधला चष्मा वर आला. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, हातभर अंतरासाठी. पट मारताना मान खाली घातली की नजर नेमकी त्या भागातून जाते आणि पाच फूट खालचा बॉल धुरकट दिसतो. मग मी नकळत हनुवटी छातीला लावायचे, काचेच्या वरच्या भागातून बघायला. त्यात माझा पटर ३५ इंची, माझ्या उंचीला लांब. त्यामुळे मी बॉलपासून दूर उभी राहायची. जमिनीवरच्या आरशात पाहिलं तर माझे डोळे बॉलवर नव्हतेच, दोन इंच आत, पायांच्या बाजूला होते. डोळे असे आत असलेले बरेच जण चांगलं पटिंग करतात, असं सर म्हणाले; कुणाचा नेम त्यामुळे डावीकडे जातो, कुणाचा उजवीकडे, कुणाला काहीच फरक पडत नाही. माझ्या बाबतीत डोळे बॉलच्या वर आणले की ठिपका होलकडे सरकत होता, म्हणून ते करायचं.

कामं तीन निघाली. पहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा बनवून घेणं. तपासणीची वेळ आणि काचा यायला मिळून दहा दिवस गेले. स्कोअरकार्ड वाचायला आता त्रास होतो, आकडे मार्करकडून वाचून घेते. दुसरं, पटर आखूड करणं. इथे सरांनी पैसे वाचवले. कापायच्या आधी ग्रिपवर, म्हणजे पटरच्या रबरी मुठीवर, दोन इंच खाली रंगीत टेप गुंडाळायला लावली आणि म्हणाले, आठवडाभर टेपच्या खालीच धरा. पटलं तर कापा, कापलेला शाफ्ट (पटरचा दांडा) परत जोडता येत नाही. पटलं. मग ग्रिप काढून, शाफ्ट कापून, नवी ग्रिप बसवून पटर तीन दिवसांनी हातात आला. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती: शाफ्ट आखूड झाला की पटरचं डोकं हलकं भासतं. पहिले काही दिवस हातात चमचा धरल्यासारखं वाटत होतं. मग डोक्याखाली शिशाच्या टेपची छोटी पट्टी चिकटवली तेव्हा जरा जीव आला. मॅलेट देऊन टाकला. हा सगळा उपद्व्याप माझ्या जुन्याच पटरवर केला.

तिसरं काम म्हणजे नेम नव्याने शिकणं. बॉलवर मार्कर पेनने रेघ मारायची, ती रेघ होलकडे लावायची, फेस रेघेला काटकोनात टेकवायचा. बॉलवरची रेघ नियमात चालते. दिशा कळावी म्हणून जमिनीवर क्लब (गोल्फची काठी) आडवा ठेवून पाय लावून घेणं चालत नाही, उचलून बाजूला केला तरी दंड बसतोच. सरावात मात्र काहीही ठेवा.

आणि इथून सुरू झाले ते सहा आठवडे, ज्यांच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

मला वाटलं होतं, दोष सापडला, आता बॉल आत पडायला लागतील. नेम तर सरळ झाला होता. पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं. सहा वर्षांच्या सवयीने ते फेस उजवीकडे उघडतच होते, आणि आता डावीकडचा नेम सांभाळून घ्यायला उरला नव्हता. फेब्रुवारीच्या पहिल्या राउंडला ४४ पट झाले. वहीचं ते पान म्हणजे 'उ', 'उ', 'उ', जणू कुणाला उचकी लागलीय. तीन फुटांवरून बॉल होलला न शिवता पलीकडे जायचा. आमचे बॅग वाहणारे कॅडी काका, जे शक्यतो कधी काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, आधीचंच बरं होतं."

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, बिघडेल." बहुधा सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. पुढच्या मासिक स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि महिनाभर स्कोअर न लिहिता खेळायचं ठरवलं.

त्या काळात दोन गोष्टींनी आधार दिला. एक म्हणजे जुन्या खेळाडूंच्या नामुष्क्या. १९७० साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन स्पर्धेत डग सँडर्सला शेवटच्या होलवर जिंकायला तीन फुटांहूनही छोटा पट हवा होता. तो चुकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलस जिंकला. बर्नहार्ड लँगरचे हात पटिंग करताना झटके द्यायचे, ज्याला 'यिप्स' म्हणतात. त्याने ते एकदा नव्हे, अनेकदा निस्तरले आणि १९८५ व १९९३ असं दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. माझे हात निदान थरथरत तरी नव्हते.

दुसरा आधार म्हणजे एक मीटर लांबीची पोलादी पट्टी. शिवणकामात, चित्रकलेत वापरतात तसली, तीन सेंटीमीटर रुंद. ती सपाट गालिच्यावर ठेवायची, एका टोकावर बॉल, आणि पट्टीवरून बॉल शेवटपर्यंत घरंगळत न्यायचा. गणित सोपं आहे: मध्यापासून दीड सेंटीमीटर सरकला की बॉल खाली पडतो, म्हणजे मीटरभर टिकायला दिशेची चूक एका अंशाच्या आत हवी. होल नाही, उतार नाही, स्कोअर नाही. बॉल टिकला की आवाज येत नाही. पडला की पट्टीची कड 'टण्' वाजते.

पहिल्या संध्याकाळी पन्नासपैकी सहा टिकले. 'टण्, टण्' ऐकून मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. एकदा हट्टाने तासभर केलं तर कंबर दोन दिवस धरली होती. पडणारे सगळे उजवीकडेच पडत. हात काय करतायत ते मला कळतच नव्हतं. मग सरांनी फक्त डाव्या हाताने मारायला लावलं, नंतर फक्त उजव्या. उजव्या हाताने एकट्याने मारताना प्रथमच जाणवलं, की बॉलला लागायच्या क्षणी मी श्वास धरते आणि मुठी आवळते. आवळली की पटरच्या डोक्याचं बाहेरचं टोक मागे राहतं आणि फेस उघडतो. एवढंच होतं. दहापैकी चार एवढ्याच जोराने धरायचं आणि शेवटपर्यंत तेवढंच ठेवायचं, हे वाक्य मी पट्टीजवळच्या भिंतीवर लावलं.

मेट्रोनोमचं, म्हणजे ठेका देणारं, अ‍ॅपही लावून पाहिलं. मागे जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळ पुढे येऊन बॉलला लागायला लागावा, अशी चाल असते: दोनास एक. मी मागे झटकन जायची आणि पुढे येताना बिचकायची. चालीवर मन असलं की मूठ आवळायचं विसरायला होतं, हा खरा फायदा.

फेब्रुवारीअखेरीस पट्टीवर पन्नासपैकी तीस टिकू लागले, तेव्हाच क्लबच्या पटिंग ग्रीनवर बोर्ड लागला: दहा दिवस बंद. जमिनीला श्वास घेता यावा म्हणून भोकं पाडतात, माती काढतात, वर वाळू पसरतात. आवश्यक काम आहे, पण त्याचं वेळापत्रक आधीपासून ऑफिसात लावलेलं असतं आणि मी ते कधी बघितलं नव्हतं. सरांचा तिसरा धडा त्यामुळे पुढे गेला. तुम्ही असं काही ठरवणार असाल तर आधी ते वेळापत्रक बघा. उघडल्यावरही आठवडाभर बॉल वाळूवरून उड्या मारतो, त्या दिवसांतल्या नोंदी वहीत धरू नका.

बंद काळात माळीकामाच्या प्रमुखांशी गप्पा झाल्या आणि त्यांनी स्टिम्पमीटर दाखवला. ग्रीनचा वेग मोजायची ही ३६ इंची खाचेची पट्टी. जमिनीला टेकलेल्या टोकापासून ३० इंचांवरच्या खोबणीत बॉल ठेवायचा, दुसरं टोक हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशांवर बॉल आपोआप सुटतो आणि ग्रीनवर किती फूट गेला तो आकडा. १९३५ साली ओकमाँटच्या कोर्सवर अमेरिकन ओपन स्पर्धा बघताना एडवर्ड स्टिम्पसन यांना ग्रीन फारच वेगवान वाटले, त्यातून त्यांनी हे बनवलं. मला उपयोगी पडली ती वेगळीच माहिती. आमचं सरावाचं ग्रीन कोर्सवरच्या ग्रीनपेक्षा फूटभराने मंद होतं. म्हणजे मी तिथे जो जोर शिकत होते तो पहिल्या होलवर जास्तच पडणार. आता राउंडच्या आधी सरावात होलकडे बघतच नाही. ग्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बॉल घरंगळू देते, कडेच्या आत थांबला पाहिजे एवढंच. आणि स्पर्धेचा नियम आड येत नसेल तर होल संपल्यावर, मागे कुणी खोळंबलं नसेल, तर त्याच ग्रीनवर एखादा पट पुन्हा मारून बघते. नियमात ते बसतं, हे माझ्या निम्म्या मैत्रिणींना माहीत नव्हतं.

उताराबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. कॅडी काकांचं एक वाक्य पुरतं: "इथे बादलीभर पाणी ओतलं तर कुठे जाईल ते बघा." हातांची खात्री वाटायला लागली तेव्हाच मला उतार दिसायला लागला. त्याआधी तीन फुटांचा पट उतारामुळे चुकला की माझ्यामुळे, हे सांगायची सोयच नव्हती.

मार्चमध्ये सरांनी नजर शिकवली. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पटिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली अभ्यासल्या. चांगल्या खेळाडूंची नजर स्ट्रोक सुरू होण्याआधी बॉलवर स्थिर होते आणि फटका बसल्यावरही क्षणभर तिथेच राहते. मी फटक्याच्या आधीच होलकडे डोकावायची. आता तीन फुटांचा पट बघायचा नाही, ऐकायचा. बॉल कपात पडल्याचा आवाज डाव्या कानाने. झेंडा आत ठेवून पट मारायला २०१९ पासून परवानगी आहे, पण छोट्या पटांना मी तो काढायला लावते. काठीला लागून येणारा आवाज मला आवडत नाही. ही निव्वळ लहर आहे.

होलभोवती तीन फुटांवर घड्याळासारखे बारा बॉल मांडायचे आणि सगळे घालायचे, हा सराव बऱ्याच जणांना माहीत असेल. अकरा झाले की बाराव्याला पोटात गोळा येतो. सर म्हणाले, त्यासाठीच करायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा स्कोअर लिहायला लागले. ३८ पट. मग ३७. मग ३९ आणि एक वाईट संध्याकाळ. मग ३६. यातलं एक कार्ड वाया गेलं, कारण मार्करची सही घ्यायची राहिली आणि ऑफिसने ते परत केलं. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूचा दर्जा दाखवणाऱ्या आकड्याचं, म्हणाल तर तो लगेच हलत नाही. शेवटच्या वीस राउंडमधले सर्वोत्तम आठ धरून सरासरी काढतात. माझे मागच्या वर्षीचे दोन चांगले राउंड विसाच्या बाहेर ढकलले गेले आणि पटिंग सुधारत असतानाच हँडिकॅप थोडा वर गेला, म्हणजे बिघडला. हे होणार हे धरून चाला, नाहीतर कारकुनाशी वाद घालायला जाल. मी गेले होते. त्यांनी शांतपणे वीस आकड्यांचा कागद समोर ठेवला.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: चार धडे, एक चष्मा, शाफ्ट कापून नवी ग्रिप, शिशाची टेप आणि पोलादी पट्टी. चष्मा सोडला तर नव्या नामांकित पटरपेक्षा कमीच. चष्मा धरला तर नाही.

एप्रिलच्या मधल्या रविवारी मासिक स्पर्धा खेळले. तीच मैत्रीण मार्कर होती. सोळाव्यावर या वेळी चार फूट उरले होते. रेघ लावली, मूठ सैल, श्वास सोडला. टपकन आवाज आला. मैत्रिणीने या वेळी झाडांकडे बघितलं नाही. सतरा होल झाले तेव्हा ३२ पट झाले होते आणि तीन पटांचं एकच ग्रीन.

अठराव्यावर पाच फुटांचा पट राहिला. आत गेला असता तर ३३. मी सगळं व्यवस्थित केलं. बॉल निघाला, कडेला टेकला, थोडा रेंगाळला आणि बाहेर राहिला. डावीकडे.

मी वही काढली. ग्रीनवरच, मागे ग्रुप नव्हता. 'डा' लिहिलं. तीन ते सहा फुटांत उजवीकडे न जाता चुकलेला पट पाच महिन्यांत मोजकाच, त्यामुळे ते अक्षर परकं दिसत होतं.

"मॅडम, चुकला ना?" कॅडी काकांनी झेंडा लावता लावता विचारलं. "मग हसताय कशाला?"